विश्लेषण : नांदेडच्या रणांगणापासून जमिनीखालच्या नहरीपर्यंत... मलिक अंबरने मराठवाड्यात पाणी कसे खेळवले?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या फेरीत १० वॅगनमधून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. अंतर होते सुमारे ३४० किलोमीटर. मराठवाड्याच्या पाणीटंचाईचे ते चित्र अजून कोणी विसरलेले नाही. मात्र याच मराठवाड्यात चारशे वर्षांपूर्वी एका सेनापतीने वीज, पंप आणि लोखंडी पाइप यांपैकी काहीही नसताना एका नव्या शहराला जमिनीखालून पाणी आणून दिले होते. तो मूळचा इथला नव्हता. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला तो मुलगा पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याचे नाव मलिक अंबर. मे १६२६ मध्ये त्याचे निधन झाले. मे २०२६ मध्ये या घटनेला ४०० वर्षे होतात. त्याचे आयुष्य, त्याची नहर आणि आजच्या पाणीप्रश्नाशी असलेला तिचा संबंध याविषयी...

मलिक अंबर कोण होता?

अंबरचा जन्म सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात, म्हणजे तेव्हाच्या हबसाणात झाला. त्याचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. तांबड्या समुद्राकाठचे मोखा बंदर, मग बगदाद असा त्याचा प्रवास झाला. बगदादच्या मालकाने त्याला शिक्षण दिले आणि अंबर हे नाव दिले. पुढे १५७० च्या दशकात त्याला दख्खनमध्ये आणण्यात आले. तिथे त्याला विकत घेतले ते अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझ खान याने.

हा चंगेझ खान स्वतः एकेकाळी हबशी गुलाम होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. त्यातलाच एक अंबर. दख्खनमधील गुलामीची रीत थोडी वेगळी होती. लष्करी गुलामाला हत्यार चालवायला, हिशेब ठेवायला शिकवले जाई आणि मालकाच्या मृत्यूनंतर तो अनेकदा मोकळा होई. चंगेझ खानच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. त्याने लग्न केले आणि काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. मलिक ही पदवी त्याला तिथेच मिळाली. १५९५ मध्ये तो अहमदनगरला परतला तेव्हा त्याच्यामागे सुमारे १५० स्वार होते.

कंधार आणि नांदेडशी त्याचा काय संबंध?

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती पडला. चांदबिबी मारली गेली. राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला. निजामशाही संपली असे मुघलांना वाटत होते. अंबरने मात्र राजघराण्यातला एक तरुण शोधला, त्याला परंड्याच्या किल्ल्यात दुसरा मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. आज धाराशिव जिल्ह्यात असलेले परंडा अशा रीतीने एका बुडालेल्या राज्याची राजधानी झाले.

सुरुवातीच्या या वर्षांत अंबरचा मुलूख पूर्वेला तेलंगणाच्या सीमेपर्यंत पसरला होता. आजचे नांदेड, कंधार, बीदर हा पट्टा म्हणजे त्याच्या हालचालींचे मैदान. १६०२ मध्ये नांदेडजवळ मुघल सेनापती अब्दुर रहीम खान-इ-खानान याचा मुलगा मिर्झा इरज याच्याशी त्याची मोठी लढाई झाली. अंबर जबर जखमी झाला. त्याच्या हबशी आणि दख्खनी सैनिकांनी त्याला रणांगणातून उचलून नेले म्हणून तो वाचला. बरा झाल्यावर त्याने खान-इ-खानानशी तह केला आणि दोघांच्या मुलुखांच्या सीमा ठरल्या. या दोन घराण्यांची गाठ पुढे पुन्हा पडणार होती.

कंधारचा किल्ला हे निजामशाहीचे पूर्वेकडचे महत्त्वाचे ठाणे होते. अंबरच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १६३१ मध्ये मुघल सेनापती नसीरी खानाने वेढा घालून तो जिंकला. हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही. म्हणून त्याचे संरक्षण उभे राहिले ते पाण्यावर. किल्ल्याभोवतीचा खंदक आजही पाहायला मिळतो. शहराजवळचा जगतुंग समुद्र हा तलाव त्याहून जुना, राष्ट्रकूट काळातला. पावसाळ्यातले पाणी अडवायचे, साठवायचे आणि गरजेप्रमाणे वापरायचे ही रीत या भागात अंबरच्या आधी कित्येक शतके रुळली होती. त्याने शून्यातून सुरुवात केली नाही. जे होते ते त्याने पुढे नेले.

खडकी गावच का निवडले?

१६०७ मध्ये अंबरने आपला प्रतिस्पर्धी राजू दख्खनी याला संपवले. निजामशाहीची राजधानी आधी जुन्नरला आणि मग १६१० मध्ये दौलताबादला गेली. त्याच सुमारास दौलताबादपासून जवळच असलेल्या खडकी या गावी त्याने नवे शहर वसवायला घेतले. आजचे छत्रपती संभाजीनगर ते हेच. तिथला भडकल दरवाजा त्याने १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला. तो अजून उभा आहे.

जागा मोक्याची होती, पण पाण्याची अडचण होती. नावाप्रमाणेच जमीन खडकाळ. खाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. या खडकात पाणी फक्त भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते. पाऊस चार महिने आणि तोही बेभरवशाचा. खाम नदी लहान, उन्हाळ्यात पात्र कोरडे. हजारो माणसे, घोडे आणि हत्ती यांची तहान काही विहिरींवर भागणे शक्य नव्हते. दौलताबादकडेच पाहिले तर अंबरला मोठा धडा मिळत होता. तिथे तीन शतकांपूर्वी मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून राजधानी आणली होती आणि ती टिकली नव्हती.

नहर-ए-अंबरी म्हणजे नेमके काय?

शहराच्या उत्तरेला हर्सूलच्या बाजूला डोंगर आहेत. तिथे पडलेला पाऊस मुरतो आणि उताराने जमिनीखालून झिरपत येतो. नदीचे पात्र वरून कोरडे दिसले तरी खालच्या वाळू-मुरमाच्या थरात पाणी असते. अंबरने हेच पाणी पकडायचे ठरवले. १६१० ते १६२० या दशकात हे काम उभे राहिले आणि पुढे ते नहर-ए-अंबरी म्हणून ओळखले गेले.

तिचे काम चार टप्प्यांत समजून घेता येते.

पहिला टप्पा, पाणी गोळा करणे. डोंगरपायथ्याशी भूजलाच्या पातळीखाली चर आणि बोगदे खणले गेले. आजूबाजूच्या थरातले पाणी त्यांत आपोआप पाझरते. इथे उपसा नाही, त्यामुळे रहाट नको आणि बैलही नकोत.

दुसरा टप्पा, वाहून आणणे. दगड-चुन्यात बांधलेल्या बंदिस्त नहरीतून पाणी फक्त उताराच्या जोरावर शहराकडे येई. ऐकायला सोपे, पण खरी कसोटी इथेच आहे. उतार जास्त झाला तर वेगवान पाणी बांधकाम खरवडते. कमी झाला तर गाळ साचून नहर तुंबते. काही किलोमीटर अंतरात हा उतार सतत नेमका राखायचा, तोही दुर्बीण किंवा लेव्हलचे यंत्र नसताना. सर्वेक्षणातली एक चूक झाली असती तर सगळे काम वाया गेले असते.

तिसरा टप्पा, देखभालीची सोय. नहरीवर ठराविक अंतराने उभे झरोके ठेवलेले होते. त्यातून माणूस आत उतरून गाळ काढू शके आणि आतली हवाही बाहेर पडे. आजच्या भाषेत सांगायचे तर ही मॅनहोल. वाटेत काही ठिकाणी उंच पोकळ मनोरे, म्हणजे बंब बांधलेले असत. नळातले पाणी त्यात वर चढे आणि पुढे सोडले जाई. यामुळे अडकलेली हवा निघून जाई आणि पाण्याचा दाब काबूत राही.

चौथा टप्पा, वाटप. शहरात पोहोचलेले पाणी हौदांमध्ये आणि तिथून भाजलेल्या मातीच्या खापरी नळांमधून वस्त्यांकडे जाई.

पाणी जमिनीखालून नेण्याचे आणखी फायदे होते. मराठवाड्याच्या उन्हात उघड्यावरचे पाणी भराभर आटते. झाकलेल्या नहरीत बाष्पीभवन जवळपास होत नाही. पाणी स्वच्छ आणि थंड राहते. शिवाय वेढा घालणाऱ्या शत्रूला ते सहज दिसत नाही.

ही कल्पना आली कुठून?

डोंगरातले भूजल बोगद्याने, उताराच्या जोरावर गावापर्यंत आणायची पद्धत इराणमध्ये फार जुनी आहे. तिला कनात म्हणतात, काही भागांत करेझ. ओमानमध्ये तिच्याच जातीच्या व्यवस्थेला फलज म्हणतात. ओमानचे फलज २००६ मध्ये आणि इराणच्या कनाती २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

दख्खनमध्येही ही विद्या पोहोचली होती. बीदरला करेझ आहे. अहमदनगरला निजामशाहीच्या काळातच आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणले जात होते. विजापूरलाही जमिनीखालून पाणी आणण्याची व्यवस्था होती. बगदादमध्ये वाढलेला, अहमदनगरमध्ये घडलेला आणि विजापूरमध्ये चाकरी केलेला अंबर या सगळ्या भागांतून आला होता.

इथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. नांदेडला ज्याच्या मुलाने अंबरला जखमी केले, त्या खान-इ-खानानने १६१५ च्या सुमारास बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा ही भूमिगत पाणी योजना उभी केली. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी तिथे एकमेकींना बोगद्याने जोडलेल्या कुंड्यांमधून शहरात येते. रणांगणावर एकमेकांचे वैरी असलेले दोन सरदार जवळजवळ एकाच वेळी, आपापल्या शहरांसाठी, एकाच तऱ्हेचे उत्तर शोधत होते.

शहर जळाले तेव्हा काय झाले?

त्याच खान-इ-खानानचा मुलगा इरज पुढे शाहनवाज खान झाला. १६१६ मध्ये त्याने जालन्याच्या बाजूला रोशनगावजवळ अंबरचा पराभव केला आणि खडकीवर चालून गेला. सहा वर्षांच्या त्या नव्या शहराची मुघल फौजेने राखरांगोळी केली. पुढच्याच वर्षी शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, याच्याशी तह करून अंबरला मुलूख सोडावा लागला. १६२१ मध्ये खुर्रमच्या फौजेने खडकी दुसऱ्यांदा उद्ध्वस्त केली.

घरे जळतात, वाडे पडतात. जमिनीखालची नहर मात्र आगीत जळत नाही. अंबरने दोन्ही वेळा शहर पुन्हा वसवले. पाण्याची सोय असलेल्या जागी माणसे परत येतात, हे खडकीने दाखवून दिले.

या काळात अंबरने मुघलांना थोपवले ते गनिमी काव्याने. त्याच्या फौजेत मराठा स्वारांचा मोठा भरणा होता. लखुजी जाधव, मालोजी भोसले, पुढे शहाजीराजे ही मंडळी निजामशाहीच्या चाकरीत घडली. जहांगीर बादशहाचा त्याच्यावर इतका राग होता की अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण मारतानाचे चित्र त्याने आपल्या चित्रकाराकडून काढून घेतले. प्रत्यक्षात ते कधीच घडले नाही.

पाण्याचा त्याने युद्धातही वापर केला. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र येऊन त्याच्यावर चाल करून आल्या. अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या वाटेवर चिखल झाला, तोफा आणि घोडे अडकले. या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले, पण विजय अंबरचा झाला. तेव्हा तो पंचाहत्तरीच्या घरात होता.

केवळ बांधकाम पुरेसे होते का?

अंबरचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात आणखी एका गोष्टीसाठी घेतले जाते. ती म्हणजे मलिक अंबरी धारा. मक्ता घेऊन वसुली करणाऱ्या इजारदारांना त्याने दूर केले. जमिनीची प्रतवारी लावली, प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवला आणि तो रोख भरण्याची पद्धत आणली. रोख साऱ्याचे प्रमाण साधारण उत्पन्नाच्या एक तृतीयांश होते. सारा पिकाशी जोडला गेला म्हणजे पाऊस कमी झाल्यावर शेतकऱ्यावरचा भारही कमी होण्याची वाट मोकळी झाली. कोरडवाहू मुलुखात पाण्याइतकेच महत्त्व या धोरणाला आहे.

तरी हे चित्र एकरंगी नाही. नहरीचे पाणी शहरासाठी होते, शेतीसाठी नव्हे. शिवाय गनिमी काव्यात शत्रूची रसद तोडायची म्हणजे वाटेवरची गावे आणि पिके उजाड होणार. अंबर आणि मुघल यांच्यातल्या पाव शतकाच्या युद्धाची किंमत बालाघाटातल्या शेतकऱ्यांनी मोजली. ज्या माणसाने पाणी आणले, त्याच्याच लढायांत गावे ओस पडली, हेही तितकेच खरे.

मे १६२६ मध्ये, वयाच्या सुमारे ७८ व्या वर्षी अंबरचे निधन झाले. खुलताबादला त्याची कबर आहे. जवळच पत्नी करीमा हिची कबर आहे. मुलगा फतेह खान याने खडकीला फतेहनगर नाव दिले, पण त्याला राज्य सांभाळता आले नाही. १६३० च्या दुष्काळाने दख्खन होरपळले, १६३१ मध्ये कंधार गेले, १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि १६३६ पर्यंत निजामशाही संपली.

नहरीचे पुढे काय झाले?

राज्य बुडाले, नहर वाहत राहिली. औरंगजेबाच्या काळात शहराची वस्ती खूप वाढली, तेव्हा आणखी नहरी काढण्यात आल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की हा त्याच परंपरेचा भाग आहे. हर्सूलच्या बाजूने आलेले पाणी उंचावरून पडते आणि त्या जोरावर दळणाचे जाते फिरत असे. थत्ते नहरही याच कुळातली.

बिघाड सुरू झाला तो अलीकडच्या काळात. नळयोजना आल्यावर नहरीची गरज संपली असे वाटले. झरोके बुजले, काहींवर बांधकामे झाली. इमारतींच्या पायासाठी खोदताना खालची नहर फुटली. डोंगरपायथ्याशी बोअरवेल वाढल्या आणि भूजलाची पातळी नहरीच्याही खाली गेली. खाम नदीत सांडपाणी मिसळले. नहरीतला दगड-चुना शतके टिकला होता. तिचा गाळ काढणारी, झरोके उघडे ठेवणारी आणि पाणलोट राखणारी व्यवस्था मात्र टिकली नाही.

आज त्यातून काय शिकता येईल?

नहर पुन्हा सुरू केली की पाणीप्रश्न मिटेल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख होती. एवढ्या वस्तीला जायकवाडीचे पाणी लागणारच. पण जायकवाडीचे गणितही समजून घ्यायला हवे. धरण उथळ आणि पसरट आहे. पूर्ण भरल्यावर जलाशय सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतो आणि उन्हाळ्यात त्यातले बरेच पाणी वाफ होऊन जाते. तिथून शहरापर्यंत पाणी चढावर पंपाने आणावे लागते. वीज गेली की पाणी थांबते. नहरीचे नेमके उलटे होते. पाणी थोडे, पण वाफ नाही आणि विजेचे बिलही नाही.

विकसनशील देशांतल्या अनेक जुन्या योजनांचा अनुभव हाच आहे. ओमानमध्ये फलज टिकले, कारण पाण्याची पाळी कोणाची, किती वेळ आणि दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा हे गावाने ठरवून ठेवलेले आहे. योजना बांधायला पैसा एकदाच लागतो. चालवायला माणसे रोज लागतात.

कंधारलाही हा मुद्दा लागू पडतो. तालुक्यात बारूळचा मानार प्रकल्प आहे, शहराजवळ जगतुंग समुद्र आहे, किल्ल्याला खंदक आहे. हे वेगवेगळ्या काळांतले तीन जलसाठे एकाच तालुक्यात आहेत. त्यांच्या पाणलोटात काय बांधले जाते, गाळ कधी काढला जातो, आसपास किती खोल बोअर घेतली जाते, यावर त्यांचे पुढचे आयुष्य ठरेल. नवीन बोअर घेण्याआधी जुन्या साठ्यात पाणी कुठून येते एवढे पाहिले, तरी बरेच काही साधेल. अंबरनेही सुरुवात तिथूनच केली होती. आधी त्याने पाणी कुठून येते ते शोधले, मग नहर खणली.

थोडक्यात

- मलिक अंबर (सुमारे १५४८ ते १६२६) : इथिओपियात जन्म, गुलाम म्हणून दख्खनमध्ये, पुढे निजामशाहीचा वजीर.
- १६०२ : नांदेडजवळच्या लढाईत जबर जखमी.
- १६१० : खडकी शहराची उभारणी. त्या दशकात नहर-ए-अंबरीचे काम.
- १६१६ आणि १६२१ : मुघलांकडून खडकी उद्ध्वस्त, दोन्ही वेळा पुन्हा वसवली.
- १६२४ : भातवडीचा विजय, तलावाचा बांध फोडून शत्रूची कोंडी.
- नहरीचे तत्त्व : भूजल पाझरू देणे, बंदिस्त नहरीतून उताराने आणणे, झरोक्यांतून देखभाल, हौद आणि खापरी नळांतून वाटप.